मुलगी अजून प्रोबेशनवर

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात आमच्या रेल्वे कॉलनीतल्या मराठी बायका तिळगूळ घेऊन तुरुंगातल्या महिला बराकीत जायच्या. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेले. खरं तर आईचे गुडघे दुखत होते, म्हणून तिच्या जागी मला पाठवलं होतं. बाबा झाशीच्या वॅगन वर्कशॉपमध्ये फिटर होते, मूळचे खानदेशातले. मी जन्मले वाढले झाशीत. घरात मराठी, अंगणात बुंदेली आणि कॉलेजात हिंदी, अशा तीन भाषा मी एकाच वेळी बोलायची, आणि तिन्हींत थोड्या थोड्या चुका करायची.

बराकीत पंधरा-वीस बायका रांगेत बसल्या होत्या. मी तिळगूळ वाटत एकीपाशी आले, तर तिनं वडी बाजूला ठेवली आणि पदराच्या गाठीतून एक घडी केलेला कागद काढला.

"बिन्नू, पढ़ी-लिखी हो?"

बिन्नू म्हणजे आमच्याकडे लाडकी लेक किंवा बहीण. मी मान डोलावली.

"तौ बताओ, ई में का लिखो है."

मी कागद वाचला. अक्षरं सगळी ओळखीची होती. पेशी, मुल्तवी, मुचलका, जमानतदार. मी मोठ्यानं वाचलं, ती लक्ष देऊन ऐकत राहिली. वाचून झाल्यावर म्हणाली, "जौ तौ इतै की दीदी ने भी पढ़ कें सुनाओ तो. मतलब बताओ."

वाचून तर तिथल्या ताईनंही दाखवलं होतं, तिला अर्थ हवा होता. तो मला सांगता येईना. पंधरा वर्षं शाळा-कॉलेजात घालवून अर्ध्या पानाच्या कागदाचा अर्थ मला कळत नव्हता. मी तिला तसंच सांगितलं. ती रागावली नाही. कागदाची पुन्हा तशीच घडी घालून तिनं पदराला गाठ मारली आणि मग तिळगुळाची वडी तोंडात टाकली.

मी कागदावरचे शब्द हातावर पेनानं लिहून घेतले आणि घरी न जाता थेट खंडेराव गेटला गेले. तिथे एक निवृत्त वकील राहायचे. त्यांचे पूर्वज पेशव्यांच्या फौजेबरोबर इकडे आले ते इथलेच झाले. आम्ही त्यांना वकीलकाका म्हणायचो. गणपतीत कॉलनीतली आम्ही सगळी मराठी मंडळी त्यांच्याकडे आरतीला जात असू, तेवढीच ओळख.

"बस की. उभी का?" ते म्हणाले. "आणि हातावर काय गोंदवून आणलंस?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी एकेक शब्द फोड करून सांगितला. पेशी म्हणजे कोर्टातली तारीख, जमानतदार म्हणजे जामीन राहणारा माणूस, मुचलका म्हणजे स्वतः लिहून दिलेली हमी. त्या बाईला सुटायला गावातली दोन माणसं हमीला उभी राहायला हवी होती, एवढंच त्या कागदात होतं.

"तू तिला काय सांगितलंस?"

"मला कळत नाही म्हणाले."

"हे उत्तम केलंस. कळत नसताना सांगणारे मी कचेरीत पुष्कळ पाहिले."

त्यांनी साध्या हिंदीत चार ओळी लिहून दिल्या. कॉलनीतल्या महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी रीतसर परवानगी घेऊन तो कागद आत पोहोचवला. पुढे त्या बाईचं काय झालं, मला कळलं नाही. पण मी मात्र त्यानंतर दर रविवारी वकीलकाकांकडे जाऊन बसायला लागले. असंच एकदा त्यांनी वर्तमानपत्रातली एक जाहिरात माझ्यापुढे सरकवली. शेजारच्या राज्यातल्या एका विद्यापीठात गुन्हेगारीशास्त्राचं एम.ए. सुरू होतं आणि प्रवेशअर्ज मागवले होते.

घरी हे सांगितलं तेव्हा आई कणीक मळत होती. तिचे हात थांबले.

"शास्त्र? गुन्हेगारीचं? अगं, स्थळ आलं तर काय सांगायचं? मुलगी चोऱ्यांमध्ये एम.ए. आहे?"

बाबांना मी बी.एड. करून रेल्वेच्या शाळेत लागावं असं वाटत होतं. वर्कशॉपचा भोंगा झाला तसे ते सायकल काढून गेले. संध्याकाळी परतल्यावर त्यांनी हातपाय धुतले, चहा घेतला आणि म्हणाले, "मी पास काढतो. आपण जाऊन बघून येऊ. मशीन बघितल्याशिवाय मी मत देत नाही."

रेल्वेच्या पासावर आम्ही दोघं निघालो. बीना जंक्शनला गाडी बदलली. त्या वेळी तिकडच्या पॅसेंजरला अजून वाफेचं इंजिन असायचं आणि खिडकीत बसलं की डोळ्यांत कोळशाची कच जायची. विद्यापीठ टेकडीवर होतं. विभागप्रमुख पन्नाशीचे, किरकोळ अंगाचे गृहस्थ होते. बाबांनी हात जोडले आणि सरळच विचारलं, "साहब, इससे नौकरी क्या लगती है?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सर मात्र हसले. त्यांनी कपाटातून एक जाड वही काढली. तिच्यात जुन्या विद्यार्थ्यांचे पत्ते होते. "हा बघा, हा तुरुंगाचा उपअधीक्षक आहे. हा अंगठ्यांचे ठसे तपासणाऱ्या कचेरीत. यानं पुढे वकिली केली, आता सरकारच्या बाजूनं खटले चालवतो. हा फौजदार. आणि ही मुलगी बायकांच्या सुधारगृहात आहे."

"मुलगी एकच?"

"आत्तापर्यंत."

मग ते बाबांना म्हणाले, "जरा चला माझ्याबरोबर." आम्ही प्रयोगशाळेत गेलो. सरांनी काचेच्या पट्टीवर रुळानं काळी शाई पसरली, बाबांचा उजवा हात हातात घेतला आणि एकेक बोट कागदावर टेकवलं. भिंग लावून ते बराच वेळ बघत राहिले.

"अंगठ्यावरच्या रेघा इथे झिजल्या आहेत. तर्जनीच्या बाजूलाही. हा वर्षानुवर्षं कानस धरणारा हात आहे. आणि ही भाजल्याची खूण, फार जुनी. वेल्डिंगची ठिणगी?"

बाबा आपल्या हाताकडे बघत राहिले. "शिकाऊ होतो तेव्हाची," ते म्हणाले. "सतरा वर्षांचा होतो."

"आपली मुलगी हे वाचायला शिकेल," सर म्हणाले. "आणि याहून अवघड गोष्टीसुद्धा. नोकरीचं वचन मी देत नाही."

परतीच्या गाडीत बाबा बोटांवरची शाई रुमालानं पुसत होते. ती जात नव्हती. बीना सोडल्यावर म्हणाले, "माणूस कामाचा वाटतो. अर्ज भर."

वर्गात आम्ही अठराजण, त्यात मुली दोन. पहिल्या वर्षी मला वाटायचं की आपण रहस्यकथा शिकायला आलोय. तसं काहीच नव्हतं. शिक्षा का द्यायची, हा प्रश्न सरांनी पहिल्या तासाला विचारला आणि दोन वर्षं आम्ही त्याचंच उत्तर वेगवेगळ्या बाजूंनी शोधत राहिलो. चिखलातल्या पावलाचा प्लास्टरमध्ये साचा घ्यायला शिकलो. माझे पहिले तीन साचे तुकडे होऊन हातात आले. शवविच्छेदन बघायला नेलं, तेव्हा मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले, पण बाहेर गेले नाही. वर्गातला एक धिप्पाड मुलगा, ज्याला फौजदार व्हायचं होतं, तो मात्र व्हरांड्यात जाऊन बसला. त्यानं कुणालाही सांगू नकोस म्हणून मला गळ घातली. मी सांगितलं नाही. पुढे तो फौजदार झालाच, आणि चांगला झाला.

मला सगळ्यात जास्त काय आवडलं असेल, तर केस-हिस्टरी लिहिणं. तुरुंगात जाऊन एका कैद्याशी चार-पाच वेळा बोलायचं, त्याच्या गावी जायचं, घरच्यांना, शेजाऱ्यांना, त्याच्या मास्तरांना भेटायचं आणि तो माणूस गुन्ह्याच्या आधी कसा होता ते लिहायचं. सर माझ्या कागदांवर लाल पेन चालवत. "बिचारा" हा शब्द त्यांनी एकदा सात ठिकाणी खोडला होता. "हे तुम्हाला वाटतं," समासात लिहिलं होतं, "तुम्ही बघितलं काय, ते लिहा."

सुटीत झाशीला आले की कॉलनीतल्या बायका चेष्टा करायच्या. समोरच्या गार्डसाहेबांच्या बायकोची तांब्याची घागर हरवली, तेव्हा त्या कमरेवर हात ठेवून आमच्या दारात आल्या.

"आता दाखव तुझं शिक्षण. घागर शोधून दे."

मी अगदी वही-पेन घेऊन गेले. शेवटची कधी बघितली, कुणी कुणी घरात आलं होतं, आणखी काय हललं आहे, असं विचारत गेले. विचारता विचारता निघालं की घागरीबरोबर दोन पातेलीही जागेवर नाहीत आणि मागच्या बुधवारी कल्हईवाला येऊन गेला होता. त्यांनीच भांडी त्याला दिली होती आणि पाहुण्यांच्या गडबडीत विसरल्या होत्या. घागर कल्हईवाल्याकडे चकचकीत होऊन पडली होती. ही माझी पहिली केस. आरोपी कुणीच नव्हतं. गार्डकाकूंनी त्यानंतर माझ्या शिक्षणाला कधी नावं ठेवली नाहीत. उलट सगळीकडे सांगत सुटल्या की पोरगी नुसत्या प्रश्नांनी चोर पकडते.

एम.ए. झालं. वर्गातल्या मुलांच्या वाटा फुटल्या. कुणी ठसे तपासणाऱ्या कचेरीत, कुणी तुरुंगखात्यात गेलं. दुसरी मुलगी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत लागली आणि रक्ताच्या डागांवर आयुष्यभर काम करत राहिली. मी दीड वर्ष परीक्षा आणि मुलाखती देत होते. शेवटी प्रोबेशन अधिकारी म्हणून नेमणूक झाली, तीही झाशीतच.

आता या पदाचं काम असं. एखाद्यानं पहिल्यांदाच गुन्हा केला असेल आणि तो शाबीत झाला असेल, तर त्याला तुरुंगात पाठवायचं की चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडायचं, हे ठरवायला न्यायाधीश माहिती मागवतात. ती माहिती काढून अहवाल लिहायचा आणि माणूस सुटला तर पुढे त्याच्यावर लक्ष ठेवायचं. सांगायला हे दोन वाक्यांचं आहे, पण झाशीत ते कुणालाही कळेना. प्रोबेशन हा शब्द सगळ्यांना एकाच अर्थानं माहीत होता. वर्कशॉपमध्ये बाबांना मित्र विचारायचे, "बिटिया की नौकरी कैसी चल रही है?" बाबा सांगायचे, प्रोबेशनमध्ये आहे. वर्ष झालं, दोन वर्षं झाली, तरी बाबांचं उत्तर तेच. शेवटी एकानं खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "चिंता मत करो भैया, परमानेंट भी हो जाएगी."

बाबा घरी येऊन हे सांगताना इतके हसले की त्यांना ठसका लागला. आईला मात्र काळजी वाटली. "खरंच कायम आहेस ना गं?" तिनं मला एकटीला गाठून विचारलं.

आमच्याच जिल्ह्यातल्या मऊरानीपुरच्या एका बाईचं प्रकरण माझ्याकडे आलं ते तिसऱ्या वर्षी. धान्याच्या बाजारात बायका गहू-हरभरा चाळायचं काम करतात. त्यांतली ही एक, चाळिशीची, विधवा, पदरात एक लग्नाची मुलगी. तिनं तिथल्या मुनीमाला धान्य मोजायच्या लोखंडी मापानं मारलं होतं. त्याचं मनगट मोडलं होतं. खटला झाशीला चालला आणि बाईनं कोर्टात पहिल्याच दिवशी गुन्हा कबूल केला. का मारलंस, या प्रश्नाला मात्र ती शेवटपर्यंत गप्प राहिली. न्यायाधीशांनी शिक्षा देण्याआधी माझा अहवाल मागवला.

ती जामिनावर होती. मी सकाळच्या पॅसेंजरनं मऊरानीपुरला गेले. तिनं मला घरात घेतलं, घोंगडी अंथरली, पाणी दिलं आणि समोर भिंतीला टेकून बसली. माझे नेहमीचे प्रश्न झाले. वय, घर, काम, याआधी कधी भांडण. तिनं सगळ्यांची नीट उत्तरं दिली. मग मी वही मिटली.

"मारलं का?"

"गुस्सा आ गओ तो."

"कशाचा?"

तिनं दाराकडे बघितलं. मी उठले नाही. मुलगी बाहेर पाणी भरायला गेली, तिच्या बांगड्यांचा आवाज लांब गेला, तेव्हा बाई बोलली. मुनीमानं चाळायच्या शेडमागे तिच्या मुलीचा हात धरला होता. आधीही दोनदा त्यानं तसं केलं होतं. त्या दिवशी आईनं बघितलं आणि हातात होतं त्यानं मारलं.

"हे कोर्टात का नाही सांगितलंस?"

"मोड़ी कौ ब्याव करनें है," ती म्हणाली. मुलीचं लग्न करायचं आहे. मग तिनं माझे पाय धरले. हे लिहू नका, मी तुरुंगात जाईन, पण मुलीचं नाव कागदावर येऊ देऊ नका.

मी तिचे हात सोडवले. अहवालात खोटं लिहिता येत नव्हतं. आणि हे वगळून लिहिलं, तर एका बाईनं विनाकारण एका माणसाचा हात मोडला एवढंच उरत होतं. मी तिला म्हटलं, "मी तुझ्याशी बोलल्याशिवाय काही लिहिणार नाही. पण मला बाजारात जाऊन इतर बायकांना भेटावं लागेल. ते माझं काम आहे."

बाजारात शेडखाली बारा-तेरा बायका चाळण्या घेऊन बसल्या होत्या. मी कोण ते सांगितलं. कुणी मान वर केली नाही. नुसता चाळण्यांचा आवाज. तासभर मी तिथेच एका पोत्यावर बसून राहिले. शेवटी एक म्हातारी, अंगावर सगळा भुसा, चाळण खाली ठेवून म्हणाली, "तुम सरकार की आँय?"

"कोर्टाची आहे. पोलीस नाही."

"ऊ मुनीम की पूछबे आईं?"

"मी कुणाचंही नाव घेतलं नाही, अम्मा. इथे काय होतं ते विचारायला आलेय."

म्हातारीनं बाकीच्यांकडे बघितलं. मग ती सांगू लागली. तिची स्वतःची सून त्या मुनीमामुळे काम सोडून घरी बसली होती. तिच्यामागून दुसरी बोलली, मग तिसरी. एकीनं तर सांगितलं की मी दोन वर्षं बांगड्या घालत नाही, हात धरला की त्या फुटतात. हे ती इतक्या साधेपणानं म्हणाली की मला लिहायला क्षणभर थांबावं लागलं.

"हे मी लिहून घेतलं तर तुम्ही खाली निशाणी कराल?" मी विचारलं. "जमणार नसेल तर तसं सांगा. मी राग मानणार नाही."

म्हातारी म्हणाली, "लिखौ. हम अँगूठा लगा दैहैं."

त्या दिवशी सातजणींनी अंगठे लावले. मी तो कागद घेऊन पुन्हा त्या बाईच्या घरी गेले आणि तिला शब्दन् शब्द वाचून दाखवला. त्यात तिच्या मुलीचं नाव कुठेही नव्हतं. कुठल्याच बाईच्या मुलीचं नव्हतं. होतं ते शेडमागे काय चालतं याचं वर्णन आणि सात अंगठे. बाई कागदावर बोट ठेवून विचारत गेली, हा कुणाचा, हा कुणाचा. म्हातारीचा अंगठा कळल्यावर ती थांबली.

"अम्मा ने भी लगाओ?"

"पहिला त्यांचाच."

तिनं त्या अंगठ्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "तौ हमाई बात भी लिख लो. सब जनीं कै रईं, तौ हम काए चुप रएँ."

सगळ्या बोलताहेत, तर मी का गप्प बसू. मग तिनं स्वतः सांगितलं आणि मी लिहून घेतलं. मुलीचं नाव अहवालात घालणार नाही, गरज पडली तर न्यायाधीशांना वेगळ्या कागदावर देईन, असं मी तिला वचन दिलं. अहवाल लिहायला मला आठ दिवस लागले. मी तीन वेळा लिहून फाडला. त्यात बिचारी हा शब्द एकदाही नव्हता.

कोर्टाच्या आदल्या दिवशी बाबांनी विचारलं, "तिथे बाहेरच्या माणसाला बसू देतात का?" मी म्हटलं, कोर्ट सगळ्यांसाठी उघडं असतं. दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून वकीलकाकांबरोबर मागच्या बाकावर येऊन बसले होते. काकांनी कितीतरी वर्षांनी काळा कोट अंगात चढवला होता, तो त्यांना फार सैल होत होता.

न्यायाधीशांनी अहवाल आधीच वाचला होता. मुनीमाच्या बाजूचे वकील उठले आणि म्हणाले की अहवाल लिहिणारी अधिकारी तरुण आहे, स्त्री आहे, बाईचे अश्रू बघून विरघळली असणार. न्यायाधीशांनी मला उभं केलं.

"तुम्ही लिहिलंय की हिला तुरुंगात पाठवायची गरज नाही. ही पुन्हा असं करणार नाही, याची तुम्हाला खात्री आहे?"

हो म्हणणं सोपं होतं.

"खात्री नाही, साहेब," मी म्हटलं. "खात्री कुणालाच देता येणार नाही. माझ्याकडे माहिती आहे. ही बाई एकवीस वर्षं त्या बाजारात काम करते आणि या दिवसाआधी तिचं कुणाशी भांडण झाल्याचं मला कुणीही सांगितलं नाही, तिच्यावर चिडलेल्यांनीसुद्धा नाही. ती ज्या कारणानं भडकली ते कारण अहवालात आहे, आणि ते तिच्या एकटीचं नाही. अश्रूंबद्दल म्हणाल, तर ती माझ्यासमोर रडलेली नाही."

न्यायाधीशांनी चष्मा काढून पुन्हा लावला. "बसा," म्हणाले.

दुपारनंतर निकाल झाला. बाईला दोन वर्षांच्या चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर, माझ्या देखरेखीखाली सोडलं. सात बायकांच्या कागदाची प्रत पोलिसांकडे तपासासाठी पाठवायचा हुकूमही झाला. त्या मुनीमावर पुढे रीतसर खटला चालला आणि त्या सातजणींपैकी पाच साक्षीला आल्या. म्हातारी सगळ्यांत पुढे होती.

कोर्टाबाहेर वकीलकाका म्हणाले, "खात्री नाही, हे उत्तर या इमारतीत मी चाळीस वर्षांत ऐकलं नाही हो." आणि कोटाच्या खिशातून रुमाल काढून नाक पुसायला लागले.

आम्ही चहाच्या टपरीवर उभे राहिलो. बाबांनी चहा बशीत ओतला, फुंकला आणि तसाच हातात धरला.

"त्या बाईला बाजारात पुन्हा कामावर घेतील?"

"अवघड आहे."

"मग ती दोन वर्षं काय करणार? तुला तेही बघावं लागत असेल."

"हो. तेही माझंच काम आहे."

बाबांनी मान डोलावली. "चांगलं काम आहे," ते म्हणाले. मग जरा वेळानं पुन्हा, जणू स्वतःशीच, "फार चांगलं काम आहे." मला आजवर मिळालेल्या सगळ्या प्रमाणपत्रांत मी हे सर्वांत वर ठेवते. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये त्यांनी जेवणाच्या सुटीत सगळ्यांना बसवून प्रोबेशन म्हणजे काय ते पहिल्यापासून समजावून सांगितलं, असं मला त्यांच्या एका सहकाऱ्याकडून कळलं. तो म्हणाला, आम्हाला वाटलं तुझे बाबाच जज आहेत.

बाईला बाजारानं परत घेतलं नाही. तिथल्याच स्टेशनजवळच्या एका डाळमिलच्या मालकिणीशी मी बोलले. तिला चाळायला बायका हव्या होत्या. बाई लागली आणि सहा महिन्यांत तिच्यामागून म्हातारीची सूनही तिथे कामाला आली. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी बाई पॅसेंजरनं झाशीला यायची, माझ्या रजिस्टरवर अंगठा लावायची, आणि मग उगाच थोडा वेळ बसायची. आम्ही गव्हाबद्दल, पावसाबद्दल, तिच्या गुडघ्यांबद्दल बोलायचो. एकदाही ती चुकली नाही. तापात फणफणलेली असतानाही एकदा आली, तेव्हा मीच तिला रागावले.

दोन वर्षं पुरी झाली. मी शेवटचा अहवाल लिहिला आणि तिला सांगितलं की आता यायची गरज नाही.

"अब नईं आनें?" तिनं विचारलं. तिच्या चेहऱ्यावर आनंद होता, पण मला वाटतं, थोडी हुरहूरही होती. माझ्या चेहऱ्यावर तर नक्कीच होती.

त्याच उन्हाळ्यात तिच्या मुलीचं लग्न ठरलं आणि तिनं मला बोलावलं. आता ती माझ्या देखरेखीखाली नव्हती, म्हणून मी गेले. जाताना मी मनाशी पक्कं केलं होतं की कुणी विचारलं तर शाळेतली बाई आहे असं सांगायचं. मुलीच्या सासरच्या माणसांत बाईची अडचण व्हायला नको.

मांडवात वराची आई माझ्याकडे बघून म्हणाली, "जे को आँय?" या कोण?

मी तोंड उघडायच्या आत बाई पुढे झाली. तिनं माझा हात धरला आणि सगळ्यांच्या देखत, अजिबात आवाज न चोरता म्हणाली, "हमाए ऊपर मुकदमा चलो तो. हमनें एक आदमी कौ हात तोड़ दओ तो, काए तोड़ो, सो तुम सब जानत हो. जे हमाई अफसर आँय."

माझ्यावर खटला चालला होता, मी एका माणसाचा हात मोडला होता, का मोडला ते तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, या माझ्या ऑफिसर. म्हणजे त्यांच्यापासून तिनं काही लपवलंच नव्हतं. वराची आई क्षणभर माझ्याकडे, मग विहिणीकडे बघत राहिली. मग तिनं स्वतः उठून मला बसायला पाट दिला आणि माझ्या कपाळाला हळद लावली. नवरी मुलगी घुंघटातून माझ्याकडे बघून हसली.

पुढे मी बत्तीस वर्षं नोकरी केली. बढत्या झाल्या, इतर जिल्हे झाले, नव्यानं भरती झालेल्या मुलामुलींना मी अहवाल लिहायला शिकवलं आणि त्यांच्या कागदांवर भरपूर लाल पेन चालवलं. माझे काही माणसांबद्दलचे अंदाज चुकले. तीनजण पुन्हा तुरुंगात गेले, त्यांची नावं मला पाठ आहेत. पण त्या दिवशी मांडवातून निघून मी संध्याकाळच्या पॅसेंजरमध्ये बसले, तेव्हा कपाळावरची हळद पुसली नाही. डब्यातल्या एका बाईनं विचारलं, कुणाचं लग्न होतं? मी म्हटलं, माझ्या माणसांतलं.